प्रियाच्या कॉलरवरचा माईक

मी माईक बोलतोय. कॉलरला चिमट्यानं अडकवतात तो, करंगळीच्या पेराएवढा. जन्मभर दुसऱ्यांचं ऐकलं, आज जरा माझं ऐका. फक्त तोंडाजवळ धरून 'हॅलो हॅलो' करत फुंकू नका. माझ्यावर थुंकी उडवल्याशिवाय मी चालू आहे याची माणसांना खात्रीच पटत नाही. शी.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यातला, त्यातलं काही आठवत नाही. कान उघडले ते मारुंजीच्या एका शाळेत. चारी बाजूंना सोसायट्या आणि दिवसभर टेम्पोंचे हॉर्न. शाळेत 'नाटकातून शिक्षण' असा उपक्रम सुरू झाला होता. मुलांनी आपली गोष्ट वर्गात करून दाखवायची, ती टॅबवर घ्यायची आणि तिची छोटी फिल्म करायची. त्यासाठी एक टॅब, त्याचा स्टँड आणि मी, असे तिघे आलो.

शिकवायला बाहेरून दयानंद सर यायचे. पहिल्या दिवशी मी त्यांच्याच कॉलरवर होतो. कॉलरला कालच्या घामाचा वास, तोंडाला मिसळीचा. "गोष्ट तुमची, शब्द तुमचे, आवाज तुमचा," हे ते तासभर एकटेच सांगत होते. पोरांना बोलायला उरली पाच मिनिटं.

त्या पाच मिनिटांत प्रिया उठली. चौथीतली पोर. तिचे आईबाप डोंगरातल्या वाडीवरून इथल्या सोसायटीत बागकामाला आलेले. वर्गात ती सहसा बोलत नसे, कारण तिनं तोंड उघडलं की मागच्या बाकावर खी-खी सुरू व्हायची. वर्गाच्या शुभांगी बाईंनी मला तिच्या कॉलरला लावलं आणि टॅब सुरू केला. तिचं काळीज असं धडधडत होतं की मला दुसरं काही ऐकूच येईना.

मग तिनं आजीबरोबर ओढ्यावर खेकडे धरायला जायची गोष्ट केली. फरशीवर गुडघे टेकून बसली. "बिळाच्या तोंडाशी वला चिखल आसंल तर आत खेकडा. तोंड गुळगुळीत आसंल तर हात घालायचा न्हाई. आजी म्हनती, तितं दुसरंच कोनतरी ऱ्हातंय." तिनं हात घातला, खेकड्यानं बोट धरलं आणि ती अशी कळवळली की अख्खा वर्ग आपापली बोटं झटकायला लागला. पोरं हसली, पण तिला हवं तिथंच हसली. मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून प्रिया मधल्या सुट्टीतही बोलायला लागली. "माजी फिलीम बगाया आजी येनार हाय," असं भेटेल त्याला सांगत सुटली.

इथवर ठीक होतं. पुढचं सांगायला जिवावर येतं.

फिल्म पालकसभेत दाखवायची ठरली. दयानंद सर टॅब बघत म्हणाले, "चित्र झकास आलंय. भाषा तेवढी शुद्ध करून घेऊ. आणि खेकडे नकोत, पाहुण्यांपुढे बरं दिसत नाही. निसर्गाचा संदेश टाकू."

"पण सर, ती तिची गोष्ट आहे," शुभांगी बाई म्हणाल्या.

"तिचीच राहील की. चेहरा तिचाच आहे ना?"

बाई हजेरीपट चाळायला लागल्या. मला बाईंचाही राग आला, लपवत नाही.

मग मला त्याच वर्गातल्या आरोहीच्या कॉलरला लावलं. पोरगी गुणी, तिचा दोष नाही. समोर धरलेल्या कागदावरून तिनं खणखणीत वाचलं, "निसर्ग आपला मित्र आहे. चला, त्याला जपू या." सरांनी प्रियाचा आवाज एका बोटानं पुसला आणि हा बसवला. हे पाप माझ्याच कानातून झालं, याची मला आजही किळस येते.

पालकसभेला आजी, लिलाबाई, धुतलेलं लुगडं नेसून पुढच्या सतरंजीवर बसली. पडद्यावर नात दिसली तशी हसली. मग हसू मावळलं. नात बिळात हात घालतेय, कळवळतेय, आणि आवाज म्हणतोय, निसर्ग आपला मित्र आहे. टाळ्या पडल्या.

लिलाबाईनं शेजारच्या प्रियाकडे बघितलं. "तोंड तर तुजंच हाय. मंग बोलतंय कोन?"

मी तेव्हा सरांच्या कॉलरवर, दोन हातांवर होतो. मी ऐकलं, सरांनीही ऐकलं. ते हसून भाषणाला गेले. प्रिया खाली मान घालून सतरंजीचे दोरे उपटत राहिली.

यंदा पुन्हा फिल्म ठरली. "प्रिया, तूच कर, तुझा चेहरा बोलका आहे," सर म्हणाले. मला तिच्या कॉलरला लावलं. या वेळी काळीज धडधडत नव्हतं. टॅब सुरू झाला. तिनं हात हलवले, मान हलवली, ओठ हलवले. मी कान टवकारले. काही नाही.

"अगं, आवाज कुठाय?"

"त्यो तुमी घाला की मागनं," प्रिया म्हणाली. "मागल्या टायमाला घातला तसा."

सरांनी मला उपटून टेबलाच्या खणात टाकलं. खडूच्या भुग्यात आणि कुणाच्या तरी अर्धवट चघळलेल्या च्युइंगमच्या शेजारी मी पडून आहे. प्रिया वर्गातच असते, पण तिचा आवाज काही येत नाही.

कुणी मला बाहेर काढलंत तर आधी पुसा. मग थेट तिच्या कॉलरला लावा आणि तुम्ही गप्प बसा. त्या बिळात पुढे काय झालं, ते मला तिच्याकडूनच ऐकायचंय.