कढईपुढं सरूबाई

कॉलेजच्या जाहिरातीत प्राचार्य बोलत असतात तेव्हा मधेमधे हिरवळीवर बसलेली, लायब्ररीत पुस्तकं चाळणारी, कँटीनमध्ये खिदळणारी पोरं दिसतात ना, ते चित्रण मी करतो. आमच्या धंद्यात त्याला बी-रोल म्हणतात. त्याला आवाज लागत नाही, वरून गाणं बसवतात. म्हणून मी पोरांना सांगतो, तोंडानं काहीही बडबडा, एकमेकांना शिव्या द्या, फक्त हसत राहा आणि कॅमेऱ्याकडं बघू नका. खोटं हसणारी इतकी तोंडं पाहिलीत की आता लग्नातही मला कोणाचं हसू खरं वाटत नाही.

कामशेतच्या पुढं डोंगराखाली असलेल्या त्या कॉलेजनं मला बोलावलं तेव्हा नवे प्रवेश तोंडावर आले होते, आणि हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावरून पडून अपेक्षा नावाची दुसऱ्या वर्षाची मुलगी नुकतीच गेली होती. गॅलरीचा कठडा तुटला, असं पोरं म्हणत होती. फोनच्या नादात तोल गेला, असं कॉलेज म्हणत होतं. तिची आई सरूबाई, तिकोणा पेठेची, त्याच कॉलेजच्या कँटीनमध्ये कामाला होती.

प्रसिद्धीचं काम बघणाऱ्या अमृता मॅडमना काही झालं तरी एक शॉट हवा होता. सरूबाई हसत वडे तळतेय आणि पोरांना वाढतेय. आईचीच काही तक्रार नाही म्हटल्यावर लोकांची तोंडं आपोआप बंद होतील, हे त्यांनी मला सरळच सांगितलं. बदल्यात सरूबाईच्या धाकट्या मुलीला, तेजलला, प्रवेश, हॉस्टेलसकट फुकट. अट एवढीच, की कठड्याबद्दल सरूबाईनं कुठं ब्र काढायचा नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण जाऊन काय उपयोग, ट्रायपॉड लावलाच मी.

आमच्याकडं घरातलं माणूस गेलं की कढई चढत नाही. तेरावा झाला की बाईच्या माहेरची माणसं येतात, कढई ठेवून तिला तळणाचं जेवू घालतात, मगच दुखवटा उठतो. सरूबाईचं माहेर अजून यायचं होतं. तळण्याऐवजी चहा गाळताना काढलं तर चालेल का, असं तिनं हळूच विचारलं. चहाही छान दिसतो, असं मी लगेच म्हणालो. मॅडम म्हणाल्या, वड्यांनी फ्रेम भरते. सरूबाईनं पदर खोचला आणि कढई ठेवली.

चेहरा मात्र हलेना. ताटं घेऊन उभ्या असलेल्या पोरांच्या माना खाली. मॅडम वैतागून म्हणाल्या, काहीतरी बोला मावशी, बोललं की हसू येतं.

सरूबाईनं माझ्याकडं पाहिलं. "भाऊ, ह्यात आवाज येत न्हाई ना?"

"नाही मावशी. वर गाणं असतं."

मग ती हसली. झाऱ्यानं वडे काढत, एकेका ताटात टाकत, हसतच बोलायला लागली.

"घे बाळा, खा. कठडा हलतोय म्हनून मीच सांगाया गेलते हापिसात. दोनदा गेलते. त्यांनी तार गुंडाळली नि म्हनले, झालं काम. तू घे गं, आनिक एक घे. माझी अपेक्षा कपडं वाळत घालीत व्हती तितं. फोन तिच्या हातात नव्हताच. फोन हितं व्हता, माझ्यापाशी, चार्जिंगला."

रांगेतल्या एका मुलीनं उचललेला वडा ताटात परत ठेवला. आवाज बंद आहे ना, असं मॅडमनी माझ्या कानाशी येऊन विचारलं. बंद आहे, मी म्हणालो. खरं तर कॅमेरा आवाज घेतच असतो, नंतर आम्ही तो टाकून देतो. मॅडमनी स्क्रीन पाहिली. तिथं एक हसरी बाई गरम वडे वाढत होती आणि सगळी पोरं एकटक तिच्याकडं बघत होती.

"सुंदर," त्या म्हणाल्या. "हाच ठेवा."

त्या गेल्यावर मी सरूबाईला खरं काय ते सांगून टाकलं. सगळा आवाज आलाय, म्हणालीस तर आत्ता पोलिसांकडं नेऊन देतो, म्हणालो. माझ्या कॅमेऱ्यानं पहिल्यांदाच काहीतरी खरं धरलं होतं. तिनं गॅस बंद केला.

"तेजलचं तेवढं शिकून हुंद्या," ती म्हणाली. "पोरगी एकदा हितनं भाईर पडली, की मग कुनालाबी ऐकवा."

मी घरी येऊन हार्ड डिस्क कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं.

जाहिरात जोरात चालली. मावशी किती मायाळू आहेत, असं लोक खाली लिहितात. पावसाळा सरल्यावर नव्या चित्रणासाठी पुन्हा तिथं गेलो, तेव्हा हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर तेजल दिसली. टॉवेल वाळत घालत होती. मी कॅमेऱ्यातून जवळ आणून पाहिलं. कठड्याला निळा रंग दिला होता, आणि सांध्यावर रंगाखाली तार गुंडाळलेली होती.

मी खालून जिवाच्या आकांतानं ओरडलो, "तेजल, मागं हो!"

वाऱ्यात तिला काही ऐकू गेलं नाही. माझं शूटिंग चाललंय असं तिला वाटलं. ती कठड्यावर रेलली आणि हसून हात हलवू लागली.