संस्कृतीचा पत्ता

धनलक्ष्मीनं रेकॉर्ड रूमचं कुलूप काढलं, पंखा लावला, तेवढ्यात दारात एक माणूस येऊन उभा राहिला. तिशीचा असेल. पांढरा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, हातात दवाखान्याची एक्स-रेची पिशवी.

"मॅडम, मी पृथ्वीराज. संस्कृतीचा भाऊ."

नाव ऐकताच धनलक्ष्मीचा हात टेबलावरच्या किल्ल्यांच्या जुडग्याकडे गेला. तिचं तिलाच कळलं नाही.

सात रस्त्याजवळच्या त्या सरकारी कार्यालयात ती गेली बारा-पंधरा वर्षं अभिलेखपाल होती. लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे लावणं, मुदत संपलेले कागद वेगळे काढणं, हल्ली त्यांचं स्कॅनिंग करून घेणं, असं तिचं काम. त्यातलं एक कपाट मात्र वेगळं होतं. घरच्यांचा विरोध पत्करून लग्न केलेली, जिवाची भीती असलेली जोडपी या कार्यालयात संरक्षण मागायला येत. त्यांना कुठं ठेवलं, नंतर ती कुठं गेली, याची कागदपत्रं त्या कपाटात सीलबंद असत. त्यांची संगणकावरची प्रतही साहेबांचा आणि धनलक्ष्मीचा असे दोन्ही पासवर्ड टाकल्याशिवाय उघडत नसे.

संस्कृती दीड वर्षापूर्वी आली होती. सोबत नवरा, दुसऱ्या जातीचा, घाबरून पार वाळून गेलेला. तिच्या मनगटावर वळ होते. पुढे त्या दोघांना एका लांबच्या गावी हलवलं. त्या गावाचं नाव इथं सांगत नाही. धनलक्ष्मीनंही ते कधी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

"आईच्या किडन्या गेल्यात," पृथ्वीराज पिशवी पुढं करत म्हणाला. "डॉक्टर म्हणले, आता दिवस मोजा. ती सारखी पोरीचं नाव घेतीया. मला फकस्त ती कुटं हाय तेवढं सांगा. मी जाऊन घेऊन येतो, आईला दावतो आन् परत सोडतो."

बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले. ते खोटं रडणं नव्हतं, हे धनलक्ष्मीला स्पष्ट दिसत होतं, आणि त्यामुळंच तिला अवघड झालं.

"निरोप पोचवायची व्यवस्था करते," ती म्हणाली. "पत्ता नाही देता यायचा, दादा."

"निरोपावर ती यील व्हय? तिला वाटंल, डाव हाय."

"तरी नाही देता येत."

तो वळला आणि तडक साहेबांच्या केबिनकडं निघून गेला.

घटकाभरात तिला बोलावणं आलं. साहेब खुर्चीत पुढं सरकून बसले होते. मोबाईल पालथा ठेवलेला, पण तो थरथरत होता.

"धनलक्ष्मीबाई, वरून दोनदा फोन आलाय. बाई मरायला टेकलीय हो. माणुसकी म्हणून काही आहे की नाही?"

"साहेब, त्या मुलीच्या अंगावरचे वळ मी बघितलेत."

"दीड वर्ष झालं त्याला. राग काय जन्मभर राहतो? आई मरताना कोण मारामाऱ्या करतं?"

"मग तसं लेखी द्या. मी पासवर्ड टाकते."

लेखी द्यायचं म्हटल्यावर त्यांचा आवाज खाली आला. "संध्याकाळी ऑफिस सुटायच्या आत विचार करून सांगा. नाहीतर मला तुमच्याबद्दल वर कळवावं लागेल."

ती जागेवर येऊन बसली, पण समोरचा कागद काही वाचवेना. माणुसकी नाही का, हे वाक्य कानातून जात नव्हतं. तिची स्वतःची आई अक्कलकोटला वारली तेव्हा धनलक्ष्मी उशाशी होती. ते भाग्य ती दुसऱ्या मुलीपासून हिरावून घेत होती का? आणि बाई आजारी आहे हे तरी खरं कशावरून?

तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली, किल्ल्या पर्समध्ये घातल्या आणि रिक्षा करून दवाखाना गाठला. पिशवीवर दवाखान्याचं आणि पेशंटचं, दोन्ही नावं तिनं वाचलेली होती.

दवाखान्याच्या आवारात पांढरी जीप उभी होती. तिच्या सावलीत चार-पाच गडी बसलेले. आई आजारी म्हणून जमलेल्या माणसांचे चेहरे तिनं पुष्कळ पाहिले होते. हे तसे नव्हते. एकजण दात कोरत हसत होता. जीपच्या बोनेटला टेकून एक म्हातारा, डोक्याला फेटा, आत जाणाऱ्या प्रत्येक बाईकडं निरखून बघत होता.

धनलक्ष्मी पदर सावरून सरळ आत गेली.

संस्कृतीची आई सोनाबाई बायकांच्या वॉर्डात कोपऱ्यातल्या खाटेवर होती. आजार खराच होता. चेहरा सुजलेला, रंग मातकट झालेला. जवळ कुणी नव्हतं. पृथ्वीराज औषधं आणायला खाली गेल्याचं शेजारच्या बाईनं सांगितलं. वेळ फार नव्हता.

धनलक्ष्मी वाकली. "सोनाबाई, मी सरकारी ऑफिसातून आलेय. संस्कृतीचे कागद माझ्याकडं असतात."

म्हातारीनं डोळे उघडले. आधी काही समजल्यासारखं दिसलं नाही. मग तिची बोटं चादरीवरून सरकत आली आणि धनलक्ष्मीच्या मनगटाला धरून राहिली.

"जित्ती हाय न्हवं?"

"आहे. चांगली आहे."

"कुटं—" म्हातारी बोलली आणि तिनं स्वतःच मान हलवली. "नगं. सांगू नगा. मला बी सांगू नगा. तापात बडबडते मी."

धनलक्ष्मी खाटेच्या कडेला टेकली.

"तुमचा मुलगा म्हणतो, तुम्हाला तिला बघायचंय."

"बघायचंय की. लई बघायचंय." सोनाबाईला धाप लागली. थोडं थांबून ती म्हणाली, "पर बोलवू नगा तिला. खाली जीप बघितली का? माझं मरण म्हंजी त्यास्नी आवतान झालंय. पृथ्वी वाईट न्हाय. त्यो खरंच माझ्यासाठी पळतुया. पर त्याला जिकडं पोरगी घावंल, तितं त्याचा चुलता त्याच्या मागनं जाणार. पृथ्वीला त्यो थांबवता येत न्हाय. पोरीला मारलं तवा बी थांबवता आला न्हाय."

तिच्या डोळ्यांतून पाणी कानाकडं वाहत होतं, ते पुसायलाही हात उचलत नव्हता. धनलक्ष्मीनं पदरानं पुसलं.

"मी बघते काय करता येतं ते."

"काय बी करू नगा," म्हातारी म्हणाली. "गप ऱ्हावा. तेवढंच करा."

पावलांचा आवाज आला. पृथ्वीराज औषधांचा पुडा घेऊन दारात थबकला होता.

"तुमी? हितं?" त्याच्या चेहऱ्यावर एकदम आशा उजळली. "बघितलंत न्हवं? खोटं बोललो का मी?"

"नाही. खोटं नाही बोललात."

"मग सांगा की आता."

ती त्याच्या शेजारून बाहेर पडली. तो मागोमाग जिन्यापर्यंत आला, विनवत राहिला. खाली उतरल्यावर फेट्यातल्या म्हाताऱ्यानं वाट अडवली. त्यानं आधी नमस्कार केला.

"मी कोंडीबा. पोरीचा चुलता. आमच्या पृथ्वीला तुमी दमवलं म्हनं." आवाज गोड होता. "भवानी पेठंत ऱ्हाता न्हवं तुमी? मालकांचं चादरीचं दुकान. लेक कॉलेजला जाती, पांढऱ्या स्कूटीवर. शहाणी पोरगी हाय. आमची बी तशीच शहाणी होती."

धनलक्ष्मीनं किल्ल्या असलेली पर्स काखेत घट्ट धरली. सकाळी पृथ्वीराजनं रेकॉर्ड रूममध्ये पाऊल टाकल्यापासून आतापर्यंत एवढ्या वेळात यांनी तिचं घर शोधलं होतं. मग संस्कृतीचं गाव कळल्यावर त्यांना कितीसा वेळ लागला असता?

"काका," पृथ्वीराज चिडून म्हणाला, "त्यांच्या लेकीचं काय काढता मधीच?"

"तू गप," कोंडीबा त्याच्याकडं न बघता म्हणाला. आणि पृथ्वीराज गप्प झाला.

म्हातारीनं सांगितलेलं सगळं त्या एका क्षणात धनलक्ष्मीच्या डोळ्यांसमोर घडलं. ती रस्त्यावर आली आणि रिक्षात बसल्या बसल्या तिनं नवऱ्याला फोन लावला.

"अहो, लेकीला कॉलेजातून तुम्ही स्वतः आणा. आत्ता. का ते घरी सांगते. दुकान राहू दे."

दुसरा फोन तिनं पोलिसांच्या संरक्षण कक्षातल्या हवालदार वैजयंतीला केला. झालं ते सगळं एकेक करून सांगितलं. जीपचा नंबर, कोंडीबाचं बोलणं, सोनाबाईचा निरोप.

"ताई, आज रात्रीच त्यांची जागा बदलते," वैजयंती म्हणाली. "नवा पत्ता तुमच्याकडं पाठवणार नाही. तुम्हाला माहीत नसलेलं बरं."

"तेच म्हणणार होते."

ती ऑफिसात पोचली तेव्हा सुटायची वेळ झाली होती. साहेब वाटच बघत होते. धनलक्ष्मीनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. आई खरंच मरणाच्या दारात आहे आणि तीच पत्ता देऊ नका म्हणते, हे ऐकल्यावर साहेबांनी चष्मा काढला. नेमका तेव्हाच त्यांचा मोबाईल पुन्हा थरथरायला लागला. पडद्यावरचं नाव त्यांनी तिला दिसू दिलं नाही.

"आता यांना मी काय सांगू?"

"माझं नाव सांगा. म्हणावं, पासवर्ड बाईंकडं आहे आणि बाई देत नाहीत."

साहेबांनी तिच्याकडं पाहिलं. तिला वाटलं होतं, ते निदान एकदा तरी नको म्हणतील. त्यांनी फोन उचलला.

"हो सर... नाही सर, मी तयारच आहे. आमच्या रेकॉर्डच्या बाई अडून बसल्यात... हो, कारवाई करतो सर."

खुलाशाची नोटीस तिला दुसऱ्याच दिवशी मिळाली. तिनं उत्तर लिहिलं, दवाखान्यातली धमकीही त्यात घातली आणि एक प्रत पोलिसांना दिली. कोंडीबाला पोलिसांनी बोलावून समज दिली, तेव्हा जीप दवाखान्याच्या आवारातून गेली. तरी धनलक्ष्मीची लेक महिनाभर वडिलांच्या मागं बसून कॉलेजला जात होती, आणि बोळात अनोळखी गाडी थांबली की धनलक्ष्मी हातातलं काम टाकून खिडकीशी जात होती.

त्याच आठवड्यात एका दुपारी वैजयंती साध्या साडीत बायकांच्या वॉर्डात गेली. शेजारच्या खाटेवरच्या बाईची नातेवाईक असल्यासारखी बसली, आणि पृथ्वीराज जेवायला खाली उतरल्यावर तिनं व्हिडिओ कॉल लावून सोनाबाईसमोर मोबाईल धरला. मायलेकी बोलल्या फार थोडं. सोनाबाईनं पोरीला गोल फिरायला सांगितलं, सगळ्या बाजूंनी बघितलं आणि म्हणाली, "अंगानं भरलीस." संस्कृती मी येतेच म्हणून हट्टाला पेटली, तेव्हा आईनं तिला शपथ घातली. हे धनलक्ष्मीला वैजयंतीकडून कळलं.

सोनाबाई त्यानंतर लवकरच गेली.

दिवस-कार्य झाल्यावर पृथ्वीराज एकदा ऑफिसात आला. डोकं भादरलेलं, गालफडं बसलेली. रेकॉर्ड रूमच्या दारात चपला काढून तो आत आला.

"आई गेली," तो म्हणाला. "तुमच्यामुळं तिला पोरगी बघाय मिळाली न्हाय."

धनलक्ष्मीच्या ओठांवर सगळं आलं होतं. मिळाली, तिनं पोटभर बघितली, तुमच्यावर तिचा राग नव्हता. पण फोन झाला म्हटलं की कुणी केला, कधी केला, कोणत्या नंबरवर, हे निघणार, आणि हा माणूस चुलत्यापुढं कसा नमतो ते तिनं पाहिलं होतं.

"माझ्याकडं आता तिचा पत्ताही नाही," एवढंच ती म्हणाली. "खरंच नाही."

"खरं वाटतंय," तो म्हणाला. मग दाराकडं वळता वळता थांबला. "आई गेल्याचं तिला कळवता यील का? कुणीतरी सांगाय पायजे."

"येईल."

"मग कळवा. मी सांगितलं म्हना."

तो गेल्यावर तिनं वैजयंतीला फोन लावला आणि त्याचे शब्द जसेच्या तसे सांगितले. संध्याकाळी वैजयंतीचा उलटा फोन आला.

"रडली खूप. मग तिनं एकच विचारलं, दादा एकटा आला होता की काका बरोबर होते?"

"एकटाच आला होता," धनलक्ष्मी म्हणाली.

"बरं," वैजयंती म्हणाली. "तेवढं सांगते तिला."