कौसल्या सायकल मार्ट

एकलहऱ्याच्या आमच्या कामगार वसाहतीत तेव्हा महिन्यातून एकदा मैदानात सिनेमा यायचा, शनिवारी-रविवारी तोच. दोन बांबूंना पांढरा पडदा बांधायचा; समोर पुरुषमंडळी आणि मोठी मुलं, मागच्या बाजूला आम्ही लेकुरवाळ्या. मागून सगळं उलटं दिसतं. अक्षरं उलटी, हिरोचं घड्याळ उजव्या हातात. आमची तक्रार नव्हती. पोर रडलं की उठून फेऱ्या मारता यायच्या.

त्या शनिवारी मात्र माझी गौतमी ऐन शेवटच्या प्रसंगात रडली, आणि अशी रडली की संवादच बुडाले. सिनेमा संपल्यावर मंडळाचे सेक्रेटरी निवृत्तीभाऊ पडद्याला वळसा घालून आले.

"उद्याचा खेळ बघा. पुढच्या महिन्यापासून तान्ह्या पोरांच्या आयांनी घरीच थांबायचं. तसंही मागून तुम्हाला काय कळतं?"

तेवढाच तर एक विरंगुळा! गौतमीला थोपटत घरी निघाले, आणि एकदम काहीतरी आठवून रस्त्यातच थांबले.

सिनेमा असा: लहानपणी थोरला भाऊ सायकलवरून पळून जातो. धाकटा जन्मभर त्याला शोधतो. तो सापडत नाही. आई, कौसल्या, दारात वाट बघत बसते, आणि सिनेमा संपतो. सगळे हळहळत उठले होते. पण मधेच एकदा धाकटा न्हाव्याकडे दाढीला बसतो. आरशात समोरच्या दुकानाची पाटी दिसते. ती पाटी मी वाचली होती. सरळ!

"अहो, आरशात उलटं होतं ना? आम्हाला मागून ते परत उलटं, म्हणजे सुलटं!" मी ह्यांना सांगितलं.

"झोप आता," हे म्हणाले. "तुझ्या डोक्यातच रीळ उलटं बसलंय."

सकाळी नळावर शेजारच्या लंकाबाईला सांगितलं. तिनं कळशी तशीच भरत सोडली आणि निवृत्तीभाऊंना गाठलं.

"भाऊ, आज आमच्यात येऊन बसा! आरशातली पाटी सुलटी नाय दिसली तर आमी पोरं घेऊन परत यायचो नाय. अन् दिसली तर?"

"तर या खुशाल," भाऊ हसले.

रविवारी भाऊ आमच्यात अवघडून बसले. गौतमीनं त्यांची टोपी ओढायला घेतली. माझा जीव वर-खाली! पाटी दिसते क्षणभर, आणि नेमके तेव्हाच भाऊ टोपी सांभाळत बसले तर? मी तिचे दोन्ही हात माझ्या मुठीत धरले. न्हाव्याचं दुकान आलं.

"कौसल्या... सायकल... मार्ट!" भाऊ उठून उभेच राहिले. "अरे, थोरला! तो बघा, चाकात हवा भरतोय!"

"काय झालं? कुठं?" समोरून गलका उठला. ऑपरेटरनं कुरकुरत रीळ मागे घेतलं, तोवर सगळे पुरुष पडद्यामागे धावत आले. हे सगळ्यांत पुढे! पाटी पुन्हा आली. शंभर माणसं एकदम ओरडली.

मग शेवट. कालचीच आई, कालचंच दार.

"माई, न्हाव्याच्या समोर जा की!" कोणीतरी कळवळून म्हणालं, आणि गौतमीनं भोकाड पसरलं. मी तिला घेऊन उठणार, तर निवृत्तीभाऊंनी हातानंच थांबवलं.

"रडू दे गं तिला."

त्यांचाच आवाज धड नव्हता.

"भाऊ," लंकाबाई म्हणाली, "पुढच्या महिन्याला लवकर या हां. मागं जागा उरायची नाय."