हिरवं बटन आन बहात्तरचा आकडा

अबे ऐक ना. मधी बोलू नको, फक्त ऐक.

तेलगावची दीपमाला म्हाईत हाय ना, आबांच्या कापसाच्या जिनिंगमधी कम्प्युटरवर बसती ती? तिच्यावर लई बेकार वेळ आलती. भर गेटावर साठ-सत्तर गाड्या लागलेल्या, कापसानं दाबून भरलेल्या, आन अभिमन्यूआबा सगळ्यांम्होरं तिला म्हणले, "पोरी, विश्वासानं खुर्चीवर बसवलं तुला, आन तू नंबर फिरवायली?"

 समोरच्या टीव्हीवर, नंबराच्या यादीत, तिचंच नाव दिसत हुतं की.

थांब, आधीपासनं सांगतो, न्हाईतर तुला कळायचं न्हाई.

जिनिंगमधी गाडी आली की तिचा नंबर लागतो. पयलं अजिनाथकाका वजनकाट्यावर बसून वहीत लिवायचे. मग रोजची भांडणं. ह्याचा आधी कावून घेतला, त्याचा मागं कावून ढकलला. म्हणून आबांनी गेल्या साली ते सॉफ्टवेअर घेतलं, क्लाऊडवालं. म्हंजी आपल्या कम्प्युटरात कायच नसतंय, सगळं कंपनीच्या तिकडं. आपण नाव आन पासवर्ड टाकायचा, की उघडतंय. हापिसातून उघडा, न्हाईतर शेतातून मोबाईलवर उघडा. दीपमाला गाडीचा नंबर टाकायची, आन काट्याजवळच्या टीव्हीवर यादी दिसायची. भांडणं बंद. वही अजिनाथकाकांच्या खिशात गेली, आन काकांचं तोंड वाकडं झालं ते झालंच.

आता हे क्लाऊडवाल्याचं एक असतंय बघ. आपल्याला न विचारता बदलत्यात. सकाळी यावं तर कालचं बटन जागेवर न्हाई. कंपनीचे मेल येत्यात आधी, ह्या तारखेपासनं हे बदलणार, त्या तारखेपासनं ते बंद होणार. पण वाचतंय कोण? आबा तर म्हणायचे, "उघडूच नको, समदे फसवणारे हायेत. आपल्या पावण्याचं खातं असंच साफ झालं." पण दीपमाला वाचायची. मोबाईलवर मराठी करून करून वाचायची, आन एक शंभरपानी वही केलती तिनं, तिच्यात तारीख टाकून लिवायची, काय बदललं ते. आबा हसायचे. "परीक्षा हाय का गं तुझी?"

आणिक एक गोष्ट ध्यानात ठेव, सगळं त्याच्यावरच हाय. सॉफ्टवेअर बसवायला माणूस आला तवा तो म्हणला, एक मोबाईल नंबर द्या. मोबाईलवरून कुणी उघडायला गेलं की दर टायमाला त्या नंबरावर विचारणा जाणार, हे तुमीच हाय का? हिरवं बटन दाबलं की उघडंल, लाल दाबलं की बंद. आबा म्हणले, "माझा नको, आधीच दिवसभर कुणाकुणाचे फोन येत्यात." दीपमाला म्हणली, "मग माझा देते." तर आबा म्हणले, "तुझा दिला आन उद्या लगीन होऊन गेलीस तर? सटवाचा दे. सटवा गेट सोडून कुठं जातोय."

सटवा म्हंजी गेटवरचा राखणदार. दीपमालानं त्याला शिकवलं, "सटवाभाऊ, मोबाईलवर असं काय आलं की हिरवं दाबायचं." त्यानं मान हलवली.

आन यंदा काय झालं? ऊसतोडीच्या मुकादमाला एक कोयता, म्हंजी नवरा-बायकोची जोडी, कमी पडला. सटवा आन त्याची बायको भिवराबाई, दोघं जोडीनं ऊस तोडायला निघून गेले, पार कोल्हापूरकडं. गेटवर दुसरा माणूस आला. पण नंबर? नंबर कुणी बदललाच न्हाई बे. ध्यानातच न्हाई कुणाच्या. दीपमालाचा हापिसातला कम्प्युटर ओळखीचा झालेला, त्याला विचारणाच यायची न्हाई.

मग दिवाळीनंतर कंपनीनं एक बदल केला. यादीत कुणी नंबर मागंपुढं केला की शेजारी त्याचं नाव दिसणार. दीपमालानं वाचलं, वहीत लिवलं, आन विसरली. तिला काय भ्या? ती कवा नंबर हलवतीच न्हाई.

आठच दिवसांनी, सकाळी ती स्कुटी लावायली, तर गेटावर कालवा चाललेला. गेवराईकडचा एक गहिनीनाथ म्हणून माणूस, त्याची पिकअप दीड दिवसापासनं उभी. तो बोट करून वरडायला, "कालच्याला माझा चौदावा हुता! आज सतरावा कसा? बघा की, समोर नाव लिवलंय, दीपमाला!"

तिनं बघितलं. खरंच. तीन गाड्या वर सरकलेल्या, आन प्रत्येकीसमोर तिचं नाव. त्यातली एक गाडी कुणाची, तर तेलगावच्या रामकिसनची. तिच्या गावचा, तिच्या गल्लीतला! झालं. समदे म्हणायले, पोरगी गाववाल्याला पुढं घेती. आन त्याच येळंला आबा आले आन ते बोलले, जे मी तुला पयलं सांगितलं. वरून असं बी म्हणले, "महिनाअखेरपर्यंत बघतो. सुधरली न्हाईस तर घरी बस."

नोकरीचं सोड बे. नाव गेलं तिचं. बसमधी बायका बघायल्या तिच्याकडं. वनमालाकाकू, तिच्या शेजारची, ती तोंडावर म्हणली, "आमची बी गाडी हाय गं सोमवारी, बघ जमलं तर." आता ह्याच्यावर काय बोलायचं? आन घरी आई, मंगलमावशी, ती जेवताना एकदाच म्हणली, "खरं सांग, तू केलं न्हाईस ना?" दीपमालाचा घास तिथंच राह्यला. आई बी विचारायली म्हणल्यावर काय.

दुसऱ्या दिवशी तिनं सॉफ्टवेअर खालपासनं वरपर्यंत उचकलं. एका कोपऱ्यात सापडलं: कवा कवा, कुठून उघडलं त्याची नोंद. रोज पहाटं पाच चाळीसला, मोबाईलवरून. तिच्या नावानं. ती तर साडेनवाला येती!

पासवर्ड कुणाला म्हाईत? अबे, सगळ्यांना. हापिसातल्या कॅलेंडरवर लिवलेला. आन नाव एकच, दीपमालाचं. आबांनी दुसरं घेतलंच न्हाई, माणशी पैसे लागत्यात म्हणून. म्हंजी जो कुणी उघडंल तो दीपमालाच.

तिनं सटवाला फोन लावला. तो म्हणला, "व्हय ताई, रोज येतंय की पहाटं. मी हिरवं दाबतो. तुमीच सांगितलतं न्हव का?"

ती डोकं धरून बसली. रोज पहाटं, कोल्हापूरकडं, कोपीच्या, म्हंजी झोपडीच्या दारात, कोयता घ्यायच्या आधी, सटवा इमानदारीनं कुण्या चोराला दार उघडून देत हुता. आन त्याला दार उघडायला शिकवलं कुणी? हिनंच.

आता तू म्हणशील, मग सांगायचं ना त्याला, उद्यापासनं लाल दाब म्हणून. तिच्या बी मनात आलतं. पण इचार कर. लाल दाबलं तर चोर थांबल, पण सापडणार न्हाई. आन मग काय? पोरीला बोलल्यावर पोरगी सुधरली, असंच म्हणले असते ना लोक?

तिचा संशय अजिनाथकाकावर. कावून न्हाई यायचा? पहाटं काटा उघडायला तेच येत्यात. वही गेल्याचा राग. आन यंदा नवा मोबाईल घेतलेला, ती दिसली की चटकन खिशात घालायचे. ती काट्यावर चहा घेऊन गेली एकदा, मुद्दाम. म्हणली, "काका, नवा मोबाईल चांगला हाय की." काका म्हणले, "तुला काय करायचंय?" बघ आता.

आठ-धा दिवस असेच गेले बे. दोघं एकमेकाकडं चोरून बघायचे. ती जेवणाचा डबा उघडायची तरी एक डोळा काट्याकडं. पहाटं यादी हलायचीच, लोक तिच्या खिडकीवर थाप मारून जायचे. अन् आबा रोज एकदा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "नजर हाय माझी."

आन मग मेल आला. तिनं तीनदा वाचला. एक तारखेपासनं नुसतं हिरवं बटन चालणार न्हाई. जो उघडायला जाईल त्याच्या मोबाईलवर दोन आकडे दिसणार, आन तेच दोन आकडे विचारणा आलेल्या मोबाईलवर टाकायचे. तवाच उघडणार.

कळलं का बे तुला? आकडा दिसणार चोराला, आन टाकायचा सटवानं! म्हंजी चोराला सटवाला फोन करावा लागणार. आन सटवा काय, विचारलं की सांगणारा माणूस.

तिनं तो बदल वहीत लिवला. पण ह्या टायमाला कुणाला सांगितला न्हाई. आबांना बी न्हाई.

एक तारखेला साडेनवाला आली, आन बघते तर यादी हललेली. पाच गाड्या! म्हंजी फोन झालता. तिनं सटवाला लावला, लागंना. उसाच्या फडात गेला की रेंज न्हाई. परत लावला, परत लावला. अकरा वाजता गहिनीनाथ धा-बारा माणसं घेऊन हापिसात शिरला. ह्याची दुसरी खेप, आन आज परत मागं. "आज निकाल लावा," म्हणला. आबा बी आले, खुर्चीवर बसले, म्हणले, "लावतो. पोरी, हापिसाची चावी ठेव टेबलावर."

आन तेवढ्यात फोन वाजला. सटवा.

तिनं कानाला लावला. तो म्हणला, "ताई, लई कॉल आलते तुमचे. ट्रक भरायलो, रोडवर आलो आता."

तिनं काट्याच्या खिडकीकडं बघितलं, अजिनाथकाका दारात उभेच हुते. हळूच विचारलं, "सटवाभाऊ, सकाळी कुणाचा फोन आलता?"

"आबांचा की. म्हणले, आता हिरवं न्हाई, बहात्तर टाक."

आबांचा.

तिनं मान वर केली. समोर आबा बसलेले, टेबलावर चावीसाठी हात पसरून. बाजार समितीच्या निवडणुकीला उभं ऱ्हायचंय ना त्यांना. ज्याची मतं पायजेत त्याच्या गाड्या पुढं. उघड केलं तर बाकीचे वरडणार. मग पोरीच्या नावानं करायचं, आन पोरीलाच सगळ्यांसमोर झापायचं. रामकिसनची गाडी बी मतासाठीच सरकवलेली, ही त्याच गावची हाय ह्याचा इचार बी केला नसंल त्यांनी. का केला हुता? कुणास ठाव.

गहिनीनाथ म्हणला, "कुणाचा फोन हाय? काय चाललंय कुजबुज? स्पीकरवर लाव!"

आबांची नजर तिच्या मोबाईलवर. त्यांना वरचं नाव दिसलं असणार, सटवा म्हणून. हात तसाच टेबलावर, पण बोटं मिटली.

आता बघ. आबांचं नाव घेतलं तर नोकरी गेली. तिची बी आन सटवाची बी. तो गुढीपाडव्याला परत येणार, गेटवर यायचंय त्याला, भिवराबाईला घेऊन तिथल्याच खोलीत ऱ्हायचंय. आन न्हाई घेतलं तर तिचं नाव गेलंच.

तिनं स्पीकर लावला. म्हणली, "सटवाभाऊ, मी विचारते तेवढंच सांगा. सकाळी कुठला आकडा टाकला?"

"बहात्तर."

"तो मी सांगितलता का तुमाला?"

"न्हाई ताई, तुमी कशाला? तुमच्याशी तर आज आता बोलायलो पयल्यांदा."

"रोज पहाटं हिरवं दाबायचा, तवा मी फोन करून सांगायचे का?"

"छ्या. पहाटं तुमचा फोन कवाच न्हाई."

 मग गहिनीनाथ फोनावर वाकून वरडला, "मग कुणी सांगितलं रं?"

आन दीपमालानं फोन कट केला.

म्हणली, "रेंज गेली."

आबा लगीच म्हणले, "तिकडं रेंज नसतीच." आन उठले. सगळ्यांकडं बघून म्हणले, "हे कंपनीवाल्याचं काम हाय. कुणीतरी बाहेरून घुसलंय. पोरीचं काय बी न्हाई ह्यात, मी बोललो ते मागं घेतो." गहिनीनाथानं आधी आबांकडं बघितलं, मग दीपमालाकडं. लई येळ बघितलं. मग म्हणला, "बरं." पण ते बरं कसं हुतं, ते बरं न्हव्हतं बे.

त्या दिवसापासनं एक बी गाडी हलली न्हाई. आबांनी स्वतः सांगितलं, तुझा नंबर टाक, तुझाच पासवर्ड ठेव, मला बी सांगू नको. संध्याकाळी अजिनाथकाका आले, मोबाईल तिच्या हातात दिला. आत काय, तर रोज पहाटंच्या यादीचे फोटो. "तुझ्यावर नजर ठेवायलो हुतो पोरी," म्हणले. "मला वाटलं तूच." ती हसली आन रडली, दोन्ही.

पण झोप न्हाई तिला. आबा आता रोज तिला चहा पाठवत्यात. कपाकडं बघत बसती, कावून पाठवला असंल? आबा सटवाला फोन करून काय बोलले असतील? आन पाडव्याला सटवा येणार, गहिनीनाथ त्याला गेटवर गाठणार, आन तेच विचारणार. सटवा तर विचारलं की सांगणारा माणूस.

तिनं वहीत त्या दिवसाची तारीख टाकलीय, आन खाली नुसतं लिवलंय, बहात्तर. दुसरं कायच न्हाई.

आता तू सांग. तू असतास तिच्या जागी, गहिनीनाथ वरडला तवा, तू फोन कट केला असतास का बे?