खुब्यात गेलेली शाई

मित्सुएने आयुष्यात कधी भिंतीत खिळा ठोकला नव्हता, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी प्लॅस्टिकचा रोबो जोडत बसली होती. जपानातल्या शिझुओकात निम्मं गाव सुटे भाग जोडायच्या असल्या खेळण्यांच्या कारखान्यांवर जेवतं, तेव्हा यात आक्रीत काही नव्हतं. पण तिच्या घरात रोबो जोडणारा एकच, तिचा मुलगा कात्सुया. आणि तो सहा वर्षं माडीवरच्या खोलीचं दार आतून लावून बसला होता. नोकरीवरून एका संध्याकाळी आला, बूट काढले, वर गेला, तो गेलाच. तेवीसचा होता, आता एकोणतीस झाला. शेवटची चार वर्षं तर त्याने तोंडातून शब्द काढला नव्हता. ट्रे दाराशी ठेवायचा, रिकामा झाला की उचलायचा, एवढंच आईपण तिच्या वाट्याला उरलं होतं.

आठवड्यापूर्वी थोरले दीर मासानोबु एक कागद घेऊन आले होते. असल्या मुलांना घराबाहेर काढणारी माणसं असतात म्हणे. येतात, दार उघडवतात, गाडीत बसवतात आणि लांबच्या वसतिगृहात नेऊन ठेवतात.

"सहीच्या जागी शिक्का उमटव इथं," दीर म्हणाले. "तुझ्यामागे त्याला कोण भरवणार? मी? माझंच एक पाऊल स्मशानात आहे."

"त्याला आधी सांगू तरी, भावजी."

"सहा वर्षं काय करत होतीस मग? आरती ओवाळत होतीस?"

तिने शिक्का उमटवला. पुढच्या आठवड्यातला शुक्रवार, सकाळी दहा, अशी वेळ ठरली. दीर गेले. वरच्या खोलीतल्या माणसाला पोटच्या आईने विकलं असं तिला वाटलं. मला विचाराल तर तिचं फार चुकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती कुनिमात्सुच्या खेळण्यांच्या दुकानात गेली, कात्सुया तिथलाच गिऱ्हाईक. म्हातारा पंचाहत्तरीचा, जीभ मात्र पंचविशीतली.

"कात्सुया कुठला जोडायचा, काका?"

"तो? तो जोडायचा ते तुम्हाला सात जन्मांत जमायचं नाही, बाई." तरी त्याने फळीवरून एक खोकं, रंगाचा फवारा आणि शाईची बाटली काढून दिली. "काप हळू घाला. घाई केलीत की प्लॅस्टिक पांढरं पडतं. आणि अंगावरच्या खाचांच्या रेघांत काळी शाई भरायची असेल तर सुटे भाग असतानाच भरा, जोडल्यावर नको."

पहिलं तिने ऐकलं. दुसऱ्याच्या वेळी ती खोक्यावरचं चित्र बघत होती.

आठ दिवस ती प्लॅस्टिकच्या चौकटीला चिकटलेले तुकडे कापत आणि जोडत राहिली. चष्म्यावर चष्मा चढवला, बोटं कापून घेतली, रोबोचं एक कोपर जमिनीवर पडलं ते गुडघ्यांवर रांगून शोधलं. मंगळवारी रोबो उभा राहिला. वीतभर उंचीचा, निळा, जरा दारू प्यायल्यासारखा कलता. भात, मिसोचं सूप, खारवलेला मुळा आणि शेजारी तो, असा ट्रे तिने दाराशी ठेवला. चिठ्ठी लिहिली नाही. काय लिहिणार?

बुधवारी सकाळी ट्रे बाहेर आला. सूप संपलेलं होतं. रोबो सरळ उभा होता. तिने उजवं पाऊल डाव्या पायात बसवलं होतं, ते बदललं होतं. खांद्यावरचे कापाचे पांढरे डाग कुणीतरी घासून गुळगुळीत केले होते. मित्सुए जिन्यातच मटकन बसली आणि तोंडात पदर कोंबावा तसा ॲप्रन कोंबून रडली.

मग तिने दिराला फोन लावला.

"रोबोचे पाय सरळ केले म्हणून माणूस सरळ झाला होय?" मासानोबु म्हणाले.

"भावजी, त्याने हात लावला. माझ्या वस्तूला हात लावला त्याने. बोलावू नका त्यांना, पाया पडते."

दीर वाईट नव्हते, थकले होते. "शुक्रवारी दहाच्या आत त्याने स्वतःहून दार उघडलं, तर त्यांना परत पाठवीन. नाहीतर नाही."

गुरुवारी तिने रोबोच्या छातीला रंग मारला. थंडीत रंगाच्या फवाऱ्याचा डबा कोमट पाण्यात ठेवावा लागतो हेही शिकली. रात्री रोबोसकट ट्रे वर गेला, सकाळी आला तो तसाच. भाताला हात नाही, रोबोला हात नाही. शुक्रवार उजाडला होता आणि घड्याळात आठ वाजले होते.

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. मित्सुएला वाटलं, आपला रोबो अजून कच्चा दिसतोय, म्हणून त्याने तोंड फिरवलं. खोक्यावरच्या चित्रात अंगभर बारीक काळ्या रेघा होत्या. तिने शाईची बाटली उघडली आणि रेघारेघांत शाई सोडली. पातळ शाई सरसर धावली. छातीत गेली, पोटात गेली, खुब्याच्या घट्ट सांध्यात गेली. छान दिसायला लागलं. जरा ऐटीत उभा करावा म्हणून तिने त्याचा पाय पुढे ओढला. कट्. शाईतल्या तेलाने आतल्या आत प्लॅस्टिक खाल्लं होतं. पाय तिच्या हातात आला.

साडेनऊ झाले होते. ती पाय एका हातात, धड दुसऱ्या हातात घेऊन जिना चढली. सहा वर्षं ती या दाराशी बोलली होती, ते सगळं एकाच थाटात. जेव रे, बाहेर ये रे, हवा छान आहे रे. कधी काही मागितलं नव्हतं. आता तिचा बांध फुटला.

"कात्सुया, मोडला रे! शाई भरली नि पायच आला हातात. मी काय करू? मला काही येत नाही. मला मदत कर, मला खरंच काही येत नाही!"

आत काहीतरी सरकलं.

"शाई कुठं लावलीस?" घोगरा, गंजलेला आवाज होता. "सांध्यात?"

"सगळीकडे," ती हुंदका गिळून म्हणाली.

"जोडल्यावर लावतात का कुणी?" आवाज खरोखर चिडला होता. मित्सुएला त्या चिडण्याला ओवाळावंसं वाटलं. कडी निघाली. दार चार बोटं उघडलं आणि एक पांढराफटक हात बाहेर आला. तिने त्यावर रोबो ठेवला, वर पाय ठेवला. हात आत गेला, दार लागलं.

दहाला पाच मिनिटं असताना बेल वाजली. मासानोबु आणि दोन धिप्पाड माणसं. ओढून न्यायला आलेली, पण बूट काढून नीट जोडीने दाराकडे तोंड करून ठेवले होते. रीत म्हणजे रीत.

"उघडलं त्याने! आत्ताच उघडलं!" ती जिन्यात आडवी आली.

दिरांनी वर बघितलं. "मग ते बंद का आहे?"

"काम करतोय तो. मोडलेलं दुरुस्त करतोय."

त्यांचा विश्वास बसला नाही. कुणाचा बसला असता? दोघं तिला वळसा घालून वर गेले. ती त्यांच्या बगलेखालून घुसली आणि दाराला पाठ लावून खाली बसली. "मला उचलून टाका आधी."

"बाई," त्यातला थोरला नरमाईने म्हणाला, "कागदावर शिक्का तुमचाच आहे ना?"

पाठीमागे काहीतरी घासण्याचा बारीक आवाज येत होता. तो थांबला.

"माझाच आहे," मित्सुए म्हणाली. हे ती दोघांना सांगत नव्हती. "मीच उमटवला. तुला न विचारता. आता मी नको म्हणतेय."

माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. आईच नको म्हणते तर हात लावता येत नाही, असं थोरला दिरांना म्हणाला. मासानोबु उतरले. खाली बूट घातल्याचा आवाज आला, मग गाडीचा.

दाराच्या आत चिडीचूप होतं. मित्सुएने माफी मागितली. पुन्हा मागितली. मग मागायचीही तिला लाज वाटली. अकरा वाजले, बारा वाजले. आपण जिंकलो की याला कायमचा घालवला, हे तिला कळेना. तो आणखी सहा वर्षं गप्प बसला असता तरी तिला बोलायला तोंड नव्हतं.

एकच्या सुमाराला दार उघडलं, चार बोटंच. हाताने रोबो तिच्या शेजारी जमिनीवर ठेवला. खुब्यात पितळेची तार घालून पाय बसवला होता, पण तो उभा नव्हता. गुडघे मुडपून बसवला होता.

"भार नाही पेलणार आता," आतून आवाज आला. "बसवलाय."

"बसू दे," ती म्हणाली.

दार तेवढंच उघडं होतं.

"तू नको बसूस," कात्सुया म्हणाला. "जमीन गार आहे."