काचेकडे तोंड

माझ्या मेहुण्याला आम्ही रेडिओ म्हणतो, कारण तो कधी बंद होत नाही. उंच इमारतींच्या काचा पुसायच्या कामाला त्याला मीच लावलं आणि मीच रोज पस्तावतो. गच्चीवरून दोन तारांना टांगलेला लोखंडी पाळणा, त्यात आम्ही दोघं, पुढे काच, मागे नुसती हवा आणि कानाशी याची अखंड बडबड. पहिल्याच दिवशी मी त्याला एक नियम शिकवला होता. तोंड काचेकडे ठेवायचं, मागे वळून बघायचं नाही. मागे बघितलं की पाय लटपटतात.

त्या संध्याकाळी आम्ही शेवटच्या उभ्या रांगेवर होतो, अजून वरच्याच मजल्यांशी. त्याच्या बाजूची तार कडाडली आणि पाळण्याचं ते टोक गुडघाभर खाली गेलं. बादल्या गेल्या. त्या आपटल्याचा आवाज यायला फार वेळ लागला. मी वरच्या टोकाला होतो, तो खालच्या. मी एक पाऊल जरी त्याच्याकडे टाकलं असतं तरी सगळा भार तिकडे गेला असता.

सुपरवायझर फोनवर म्हणाला, "माणसं दोर घेऊन निघालीत. अजिबात हलू नका."

रेडिओ गप्प झाला होता. एरवी याची बडबड मला नकोशी होते, पण त्या शांततेने माझा जीव कासावीस झाला. शेजारच्या खिडकीखाली एसी ठेवायचा अरुंद कट्टा होता, तिकडे तो टक लावून बघत होता.

"दाजी, मी तिथे उडी मारतो."

"डोकं फिरलंय का तुझं? कमरेच्या पट्ट्याचा दोर तिथवर पोचत नाही."

"पट्टा सोडून मारतो."

त्याचा हात कमरेच्या हुकावर गेला. मी त्याला शिव्या घातल्या, मला दुसरं काही येतच नाही. मग त्याच्या बहिणीची शपथ घातली. माझ्या बायकोचा हा एकुलता एक भाऊ, घरी जाऊन मी तिला काय तोंड दाखवणार होतो? त्याच्या कानात काही शिरत नव्हतं.

"दाजी, आग!"

समोरची काच लालभडक झाली होती. आतल्या टेबलांवर, खुर्च्यांवर ज्वाळाच ज्वाळा. मलाही ती खरीच वाटली. त्याने कळ दाबून हुक उघडला. तेवढ्यात त्या आगीत मला माझंच थोबाड दिसलं, आणि आग आत नाही हे कळलं.

"मागे वळ!"

"मागे?"

"मीच सांगतोय ना? वळ, गाढवा!"

तो वळला. मीही वळलो.

सूर्य अर्ध्या आकाशाला घेऊन खाली उतरत होता. घरांची छपरं, रस्ते, गाड्यांचे टप, सगळ्यांवर तोच रंग. आमच्या साबणाच्या हातांवरसुद्धा. इतकी वर्षं हे आमच्या पाठीमागे चाललं होतं आणि आम्ही फडकं मारत बसलो होतो. भीती गेली नाही, पण तिच्याहून मोठं काहीतरी समोर आलं. मी देवबिव मानणारा नाही. तरी कोणीतरी आपल्याकडे बघतंय असं मला वाटलं.

"तो बुडेपर्यंत थांब," मी म्हणालो. "मग तुझं तू बघ."

तो थांबला. आणि सूर्याला नेमकी त्याच दिवशी कोण घाई! मी पुटपुटायला लागलो, जाऊ नकोस एवढ्यात, तू गेलास की हाही जाईल. आयुष्यात कोणाकडे असं काही मागितलं नव्हतं मी.

सूर्य बुडाला. गच्चीवर अजून कोणाचा पत्ता नव्हता. मी डोळे मिटून घेतले.

"दाजी, बघा की."

ढग खालच्या बाजूने पेटायला लागले होते, आधी तांबूस, मग गुलाबी, आणि मग थेट आमच्या डोक्यावरपर्यंत. सूर्य गेल्यावर!

"अजून आहे," रेडिओ म्हणाला. त्याचा हात हळूच कमरेकडे गेला आणि हुक खटकन बंद झाल्याचा आवाज मी ऐकला.

रंग पार विटल्यावर दोर आला. आधी त्याला वर ओढलं, मग मला. गच्चीवर मी मटकन बसलो. तो शेजारी येऊन टेकला.

"दाजी, मघाशी तुम्ही कोणाशी बोलत होता?"

एरवी मी त्याला गप्प बसवलं असतं.

"माहीत नाही," मी म्हणालो. "पण त्याने ऐकलं."