रंगाखालची ठिणगी

आमच्या सासऱ्यांनी आयुष्यभर लोकांच्या भिंती रंगवल्या आणि मोटारसायकलच्या मागच्या सीटवर रंगाचे डबे बांधून गावभर हिंडले. सासूबाईंना त्या सीटवर जागा कधी मिळालीच नाही. डबे उतरले की शिडी, शिडी उतरली की ब्रशांची पिशवी. काम सोडलं तेव्हा बाबांनी जाहीर केलं, "आता ही सीट तुझी." आणि गाडी पार सुटी करून रंगवायला घेतली. घासली, अस्तर मारलं, वर रंगाचे तीन हात. कुणाची नजर जाणार नाही तिथेही. फक्त इंजिन सोडलं, कारण ते तापतं आणि रंग सोलतो.

गाडी आरशासारखी झाली. सुरू मात्र होईना.

रविवारी आई ठेवणीतले कपडे घालून पायरीवर बसून राहिल्या आणि बाबा किक मारून मारून घामाघूम झाले. शेवटी रागाच्या भरात त्यांनी भंगारवाल्याला फोन लावला. तो हातगाडी घेऊन लगेच हजर. आमचे पाहुणे कधी इतक्या तत्परतेने आलेले नाहीत.

"आधी चहा घ्या," मी त्याला म्हटलं, "तोवर मी बघते."

घरातलं मिक्सर, इस्त्री, शिलाई मशीन मीच उघडते, कधीकधी बंदही होतं. बाबा म्हणाले, "बघ बाई, तुझीही हौस भागव."

स्पार्क प्लग काढून त्याच्या वायरच्या टोपीत बसवला, इंजिनाला टेकवला आणि टोपी जाड रबरी हातमोज्यासकट आईंच्या हाती दिली. बाबांनी किक मारली.

"काय दिसलं, आई?"

"ओल्या काडीगत पिवळं. नुसती धुगधुगी आहे गं."

ठिणगी हवी निळी, ठसठशीत. नवा प्लग लावला, तीच रड. वीज जोडणारे-तोडणारे आतले पॉइंट बारीक पॉलिशपेपरने घासले, त्यांच्यातली फट नीट केली. प्लगच्या वायरचं काळवंडलेलं टोक छाटलं. धुगधुगी काही वाढेना. आई पायरीवरून उठून प्लग धरायला आल्या होत्या, पण आता त्यांचं लक्ष गाडीपेक्षा बाबांच्या पडलेल्या चेहऱ्याकडे होतं.

"इंजिन वजनदार दिसतंय हं," भंगारवाला कपातून म्हणाला.

"अजून एक कप घ्या," आई फटकन म्हणाल्या, "आणि तोंड त्यातच ठेवा."

उरली होती ठिणगीला वीज पुरवणारी कॉइल. टाकीखालचा तिचा बोल्ट काढला आणि वायरी न तोडता ती खाली इंजिनावर टेकवली. तेवढ्यात बाबांनी वैतागून, कुणी न सांगता, एक किक हाणली.

चट्!

"अगं बाई! निळी!" आई ओरडल्या. "केवढी टपोरी!"

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. कॉइलचा लोखंडी पाय सांगाड्याला थेट टेकला, तरच विजेला परतीची वाट मिळते. बाबांनी नेमक्या त्याच जागेवर तीन हात चढवले होते. बोल्टच्या आट्यांतून काय झिरपेल तेवढीच वीज, म्हणून ती पिवळट ठिणगी. इंजिन उघडं होतं, तिथे टेकताच ती मोकळी झाली.

"बाबा, कॉइलखालचा रंग खरवडावा लागेल."

"माझा?"

"तुमचाच. बोटभर."

बाबांनी त्या चकचकीत रंगावरून बोट फिरवलं. मग अगदी आशेने म्हणाले, "चौथा हात दिला तर नाही का भागणार?"

भंगारवाल्याला चहाचा ठसका लागला. आई म्हणाल्या, "जगाच्या भिंती खरवडल्यात, तेव्हा नाही हो जीव असा कळवळला!"

बाबांनी भिंतीच्या भेगांत लांबी भरायची पत्री आणली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. स्वतःचाच दात उपटत असल्यासारखा चेहरा करून त्यांनी लखलखीत लोखंड उघडं केलं. मी कॉइल त्यावर घट्ट बसवली.

अर्ध्या किकेत गाडी सुरू! भंगारवाल्याने कप खाली ठेवून टाळ्याच वाजवल्या. आई घाईघाईने मागे चढल्या आणि चढताना त्यांच्या चपलेने बाजूच्या पत्र्यावर वीतभर ओरखडा ओढला. भंगारवाल्याच्या टाळ्या थांबल्या. बाबांनी ओरखड्याकडे पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं.

"नीट बसलीस?"

"बसले."

"हळू घेतो हं."

"हळू कशाला?" आईंनी त्यांच्या खांद्यावर थाप मारली. "पळवा की जरा!"